रेवाळे बाईंचं गाऱ्हाणं

रेवाळे बाई स्वतःशी बोलतात, हे मला डेडस्टॉक तपासताना कळलं. मी शाळेत हेडक्लार्क. मार्च आला की खुर्च्या, फळे, नकाशे, पृथ्वीचे गोल मोजत आणि यादीवर खुणा करत फिरणं हे माझं काम आणि, सांगायला हरकत नाही, माझी हौसही. त्या दिवशी भूगोलाच्या खोलीचं दार ढकलणार तोच आतून आवाज आला.

"बा म्हाराजा, ही तुझी सुमन आज नववी ब च्या समोर उभी ऱ्हातेय. काल तिनं खारे वारे आणि मतलई वारे उलटेपालटे सांगितलान. पोरानं चूक दाखवलीन, तर त्यालाच गप बसवलान. जा काय चुकलंमाकलं आसंल ता पदरात घे. आज तिच्या डोक्यात उजेड ठेव, जिभेवर ताबा ठेव. व्हय म्हाराजा!"

शेवटचे दोन शब्द वेगळ्या, जाड आवाजात होते, चार माणसं एकदम बोलल्यासारखे. मी दार उघडलं. खोलीत बाई एकट्याच होत्या, हातात गुंडाळलेला भारताचा नकाशा.

"नकाशे किती?" मी विचारलं.

"मोज की," बाई म्हणाल्या. "माझं झालं." आणि वर्गावर गेल्या.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे कुठलंही मोठं काम सुरू करताना ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात. गावातला एक जाणता माणूस देवाला सगळं मोठ्याने सांगतो: काय चुकलं, काय हवं, कोणाला सांभाळायचं. बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. बाईंचे वडील त्यांच्या गावात गाऱ्हाणं घालायचे. धाकट्या सुमनला ते सगळं तोंडपाठ होतं, पण देवळात बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. "मग मी माझं मलाच घालायला लागले," बाई सांगायच्या. "देव देवळात असू दे. हे आतल्या बाईला सांगायचं. सांगणारी मी आणि व्हय म्हणणारीपण मीच. मानपानाची भांडणं नाहीत."

बाई बुटक्या, अंगाने भरलेल्या आणि चालायला जलद होत्या. पदराला दोन पिना, काखेत बारमाही छत्री. वर्गात अगदी शुद्ध, छापील मराठी बोलायच्या. गावची बोली फक्त स्वतःसाठी राखून ठेवलेली. पेपर तपासायला बसताना, मुख्याध्यापकांकडे रजा मागायला जाताना, एवढंच काय, डब्यातलं कारलं खातानासुद्धा एक छोटंसं गाऱ्हाणं व्हायचं. एसटी स्टँडवर त्या पुटपुटायला लागल्या की शेजारचे लोक जरा सरकायचे. "बसायला ऐसपैस जागा मिळते," बाई म्हणायच्या. लोक हसतात हे त्यांना माहीत होतं. "आपण आपल्यासोबत जन्मभर राहायचं, नीला. एवढ्या लांबच्या प्रवासात शेजाऱ्याशी दोन शब्द बोलू नयेत?"

माझंही माझ्याशी बोलणं चालायचं, पण ते साधारण हेडक्लार्कने उशिरा आलेल्या शिपायाशी बोलावं तसं. आटप. परत विसरलीस? तुझ्याच्याने काही होणार नाही. हे सुधारायला हवं, असं एका दिवाळीत मी ठरवलं आणि शहरातल्या एका हॉलमध्ये भरलेल्या सकारात्मक विचारांच्या शिबिराला नाव घातलं. तिथल्या टाय लावलेल्या गृहस्थांनी सांगितलेलं सगळं मी मुद्देवार उतरवून घेतलं आणि घरी येऊन रंगीत चिठ्ठ्या केल्या. मी शांत आहे. मी सक्षम आहे. माझ्यात अमर्याद शक्ती आहे. सगळ्या चिठ्ठ्या फ्रीजच्या दारावर, चुंबकाखाली, एका रेषेत.

नवऱ्याने चहाचा कप हातात घेऊन त्या वाचल्या. "कोणाला सांगतेस? आतल्या भेंडीला?" दुसऱ्या दिवशी रांगेत त्याच्या अक्षरात एक चिठ्ठी वाढली होती: मी दूध आहे. मी संपलो आहे.

एक चिठ्ठी मी ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखालीही सरकवली होती. मी यशस्वी आहे. रेवाळे बाई रजेचा अर्ज द्यायला आल्या. त्यांनी वाकून ती वाचली, चष्मा वर करून परत वाचली आणि अगदी जिव्हाळ्याने विचारलं, "कशात गं?"

मी हजेरीपट त्या चिठ्ठीवर सरकवला.

तो रजेचा अर्ज तात्यांसाठी होता. तात्या म्हणजे बाईंचे यजमान, जयगडला बंदरात सुपरवायझर होते. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात-पाय हळूहळू हलायला लागले होते, बोलणं मात्र अडकायचं. व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला आणावं लागे. त्यांचं घर जयगड रस्त्यापासून आत, वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळावर, आंब्याच्या बागेत. एसटी खाली फाट्यावर थांबायची आणि रिक्षावाले तो चढ बघूनच मान हलवायचे. तात्यांची गाडी पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली. ती चालवणारे तात्याच.

पनवेलला असलेल्या मुलाने, मंगेशने, फोनवर सरळ सांगितलं, "आई, तू रिटायर झालीस की मे महिन्यात मी येतो. बाग कोणाला तरी करायला देऊ. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. तिथे अडकून पडलात आणि बाबांना काही झालं तर कोण आणणार खाली?"

मुलगा वाईट नव्हता. बोलला ते खरंच होतं. पण फोन स्पीकरवर होता. तात्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही जेमतेम.

"मी विचारलं," बाई मला सांगत होत्या, "की बाबा रे, घरात गाडी चालवणारं कोणी असतं तर? तर हसला गं. म्हणाला, कोण, तू? चालव, मग राहा हवं तेवढं." अर्जावर सही करून त्यांनी पेन मिटलं. "शब्द दिलाय त्यानं. आता मेपर्यंत वेळ आहे."

गाडी शिकणे ही नोंद माझ्या यादीतही होतीच. दर जानेवारीला मी ती नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे. दोघी मिळून जाऊ, मी म्हटलं. मनात असं की बाईंना माझा आधार होईल.

आम्हाला शिकवायला मुजावरभाई होते, मूळचे मिरकरवाड्याचे, उंच, किडकिडीत. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असायचा आणि त्यांच्या चेहऱ्यावर अल्लावर सोडून दिल्याचा भाव. पहिल्याच दिवशी मी डॅशबोर्डवर माझा कागद चिकटवला: सीट, आरसे, पट्टा, गिअर, हँडब्रेक, श्वास. मुजावरभाईंनी तो शेवटपर्यंत वाचला.

"म्याडम, कागद एकदम झकास आहे. पण गाडीला वाचता येत नाही."

मी डोळे मिटून म्हटलं, "मी निर्भय चालक आहे."

"मग ब्रेकवरचा पाय काढा की. आणि डोळे उघडा."

खरी परीक्षा मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून वर येणाऱ्या चढावर. तिथे गाडी थांबवायची, क्लच अर्धा सोडून धरायचा आणि मागे न घसरता निघायचं. मुजावरभाईंनी मुद्दाम सकाळची, माशांच्या टेम्पोंची वेळ निवडलेली. "इथे जमलं तर जगात कुठेपण जमेल," असं त्यांचं धोरण. बाईंनी गाडी थांबवली, निघायला गेल्या आणि बंद पाडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे बर्फाचं पाणी गाळत एक टेम्पो उभा, त्याच्या मागे दुसरा. हॉर्नचा कल्लोळ. मागच्या सीटवर मी घामाने भिजलेले, जसं काही चाक माझ्याच हातात आहे. रस्त्याच्या कडेने टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली.

"अगो बाय, पाय उचल! पाय उचल गो!"

"कुठला?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"ता मला काय म्हाईत? मी होडीतली!"

बाईंनी हँडब्रेक ओढला, मागच्या टेम्पोला हात दाखवला आणि भर चढावर सुरू केलं. "बा म्हाराजा, ह्या सुमननं गाडी परत बंद पाडलीन. मागच्या लोकांचे मासे नासायला लागलेत. मुजावरभाईंच्या डोक्याला ताप दिलान. जा चुकलं ता चुकलं. तिचा डावा पाय घाईचा आहे, त्याला जरा थारा दे…"

"व्हय म्हाराजा!" कोळणीने टोपली सावरत दणक्यात साथ दिली. मागच्या टेम्पोतूनही कोणीतरी ओरडलं, "व्हय म्हाराजा, आता चला!"

गाडी निघाली. सफाईने नाही, उड्या मारत निघाली, पण वर गेली. वर पोचल्यावर मुजावरभाईंनी रुमालाने मान पुसली. "बाई, हे रोज करणार का तुम्ही?"

"तुम्हाला त्रास होतो?"

"नाय, नाय. फक्त आधी सांगा. माझा पाय पण तयार ठेवतो आणि तोंड पण."

मग माझी पाळी. मी तोच चढ निर्भयपणे उलटा उतरले.

घरी जाताना मी खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी विचारलं, "आत काय चाललंय?" मी सांगितलं: मूर्ख, भित्री, पन्नाशीला आली तरी अक्कल नाही, वगैरे. बाई ऐकून थक्क झाल्या. "आणि फ्रीजवर काय लिहिलंयस? अमर्याद शक्ती?" मी मान हलवली. "अगं, मग त्या आतल्या बाईने कोणाचं ऐकायचं? बाहेरून आरती आणि आतून शिव्या. माझ्या वर्गातल्या अगदी ढ पोरालाही मी असं बोलले नसते. पण तू पहिली आहेस असंही खोटं सांगितलं नसतं. खोटं देवाला एकवेळ चालेल, तो मोठा आहे. आपलं खोटं आपल्याला लगेच कळतं."

"मग काय सांगायचं?"

"झालं ते. आणि आज काय करायचं ते. बास. आणि नीट, मानाने सांगायचं."

मी ते तीन मुद्द्यांत उतरवून घेतलं. बाई कपाळाला हात लावून हसल्या.

थंडीत एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. फाट्यापासून वर जांभ्या दगडाचा रस्ता, दोन आखूड वळणं, बाजूला मोहोराने लगडलेली कलमं. तो चढ चढताना मी मनाशी म्हटलं, इथे गाडी म्हणजे वेडेपणा. मंगेशचं बरोबर होतं. अंगणात ताडपत्री काढलेली गाडी उभी होती आणि पुढच्या डाव्या सीटवर तात्या बसले होते, मांडीवर उजवा हात ठेवल्यासारखा ठेवलेला. बाई चाकावर. मला मागे बसवलं. डॉक्टरांनी तात्यांना बोलतं करा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा बाईंनी हेही त्याच कामात बसवून टाकलेलं.

"बा म्हाराजा, ही सुमन आज फाटकापर्यंत जाऊन उलटी येणार आहे," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

तात्यांचे ओठ हलले. काही आलं नाही. मला राहवेना, मी व्हय म्हणणार होते, पण बाईंनी आरशातून माझ्याकडे एकच नजर टाकली आणि मी गप्प झाले. वर्गात मुलाला उत्तर आठवेपर्यंत त्या अशाच थांबायच्या, बाकीच्यांचे वर आलेले हात खाली बसवून. अंगणात कोंबडी पूर्ण फेरी मारून आली.

"व्व… व्हय… म्हा… राजा," तात्या म्हणाले.

"काल तिनं फाटकाचा खांब घासलान."

या वेळी व्हय लवकर आलं. जरा जास्तच ठासून आलं.

असं तीन-चार वाक्यं झाली. बाईंनी गाडी सुरू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी कण्हली, जागची हलेना. बाई पुन्हा आतल्या बाईशी बोलायला लागणार एवढ्यात तात्यांचा चेहरा लाल झाला. "हँ… हँ…" त्यांनी डाव्या हाताची मूठ हवेत हलवली. "हँडब्रेक!"

सगळ्या दिवसात तो एकच शब्द ते सलग बोलले. बाई इतक्या हसल्या की गाडी आपोआप बंद पडली. संध्याकाळी फाट्यावर सोडायला त्या माझ्यासोबत चालत आल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज उतरला. "पनवेलला बाल्कनी आहे म्हणे मोठी. पण तिथे ह्यांना कोणी ओळखणारं नाही गं. इथे कलमंसुद्धा ओळखतात." मग पदर खोचून म्हणाल्या, "जाऊ दे. आज खांब वाचला."

परवान्याच्या परीक्षेला आम्ही दोघी एकाच दिवशी गेलो. पुढे परीक्षा देणारी, शेजारी साहेब, मागे पुढची उमेदवार, अशी बसायची पद्धत. म्हणजे मी मागे. साहेब चेहऱ्याने सभ्य, हातात फळी आणि कागद. "घ्या बाई," म्हणाले.

बाईंनी चाकावर हात ठेवले आणि सवयीने, मोठ्याने, सुरुवात केली. "बा म्हाराजा, ही सुमन आज परीक्षेला बसलीय. चढावर तिच्याकडून गाडी बंद पडते. उलटी घेताना ती उजवीकडचं बघायला विसरते. परवा तिनं फाटकाचा खांब परत घासलान…"

साहेबांचं पेन कागदावर टेकलं. मी मागून बाईंच्या खांद्याला बोट लावलं. त्यांना वाटलं मी साथ देतेय.

"…एकदा तर ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबलान. जा काय चुकलंमाकलं आसंल ता पदरात घे!"

आणि बाई साहेबांकडे बघून थांबल्या. साथीसाठी. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाई," शेवटी साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही सगळं स्वतःच सांगितलंत. आता मी काय तपासू?"

त्यातून गाडी चढावर बंद पडलीच, आणि उलटी घेताना उजवीकडे बघायचंही राहिलं. नापास. माझं सांगायचं तर मी एक अक्षर न बोलता, अगदी व्यावसायिक शांततेत, रस्त्यावर ठेवलेला शंकू आडवा केला. मीही नापास.

बाहेर आल्यावर मुजावरभाईंनी ऐकलं आणि मटकन पायरीवर बसले. "बाई! देवाला सांगायचं ते सरकारला सांगितलंत?"

बाईंना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणीही आलं. मार्च संपत आला होता. मंगेशचं तिकीट काढून झालं होतं. छत्रीच्या टोकाने त्या मातीत रेघा ओढत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई स्वतःला काय सांगेल? मी कान दिला. "सुमन," त्या पुटपुटल्या, "आज नापास झालीस. भूक लागलीय. आधी जेव." आणि आम्ही जेवायला गेलो. बाईंनी दोन वाट्या सोलकढी घेतली.

एप्रिलमधल्या दुसऱ्या परीक्षेला मी त्यांच्या सोबतीला गेले. माझी स्वतःची तारीख मी पुढे ढकलली होती. शाळेत ऑडिट होतं. ऑडिटची तारीख मीच ठरवलेली होती, हा तपशील मी त्या वेळी कोणाला सांगितला नाही. बाई पोचताच कुंपणाजवळच्या काजूच्या झाडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. रांगेतले तरुण एकमेकांना कोपर मारू लागले. तेच साहेब फळी घेऊन आले.

"बाई, परत?"

"हो. या वेळी आतलं सगळं बाहेरच सांगून आले."

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. गाडी गेली. आम्ही, मुजावरभाई आणि मी, खालून चढाकडे बघत होतो. गाडी मध्यावर थांबली. निघाली. आणि बंद पडली.

"गेलं," मी म्हटलं.

"थांबा," मुजावरभाई म्हणाले. "मागे आली का? बघा. मागे आली का?"

नव्हती आली. गाडी होती तिथेच उभी होती, तसूभर न हलता. मग ती सुरू झाली आणि सावकाश, एकही उडी न मारता, वर गेली.

नंतर कळलं की साहेबांनी विचारलं होतं, "घाबरलात?" आणि बाईंनी, आता खोटं कशाला, म्हणून हो म्हटलं होतं. "बंद पडली त्याचे गुण गेले," साहेब म्हणाले होते. "बाकीचं ठीक आहे." पास.

मी त्या संध्याकाळी फ्रीजवरच्या चिठ्ठ्या काढल्या. नवऱ्याने विचारलं, "अमर्याद शक्ती संपली?" मी म्हटलं, "दूध संपलंय. आणून दे." आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःला एक खरं वाक्य सांगितलं: नीला, तुला गाडीची भीती वाटते. आतून कोणी ओरडलं नाही. मग मी पुढचं काही सांगायच्या आत झोपले. सुधारणा एका दिवसात होत नसते, निदान माझी तरी.

मेच्या अखेरीला नणंदेला सोडायला मी रेल्वे स्टेशनवर गेले होते. जूनपासून माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत होणार होती, तेव्हा बाईंना भेटायला जायचं हे यादीत होतंच. जायची गरज पडली नाही. गाड्यांच्या गर्दीत ती ओळखीची गाडी येऊन थांबली, जरा तिरकी. पुढे तात्या, चाकावर बाई, आणि मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्यांमध्ये अडकलेला मंगेश. एकटा. तो धडपडत उतरला, पेट्या उतरवल्या, खिडकीतून आधी तात्यांच्या आणि मग आईच्या पाया पडल्यासारखं केलं.

"पोचलास की फोन कर," बाई म्हणाल्या. "पिकलेले वर ठेवलेत. आणि हल आता, मागे हॉर्न वाजतायत."

"आई, सावकाश जा."

"तू सावकाश जा. मी जातेच आहे."

मंगेश बघत उभा राहिला. मीही हात वर करणार होते, पण बाईंचं लक्ष आरशात होतं आणि ओठ हलत होते, म्हणून मी हात खाली घेतला. गाडी बाहेरच्या रस्त्याच्या तोंडाशी गेली. घर डावीकडे, आणि दिवा लुकलुकत होता उजवीकडचा. मागच्या रिक्षावाल्याला काही कळेना. तो करवादून ओरडणार, तेवढ्यात डावीकडच्या खिडकीतून तात्यांचा धड असलेला डावा हात खांद्यापर्यंत बाहेर आला आणि ठामपणे, बोट लांब करून, घराची दिशा दाखवत राहिला. रिक्षा थांबली. गाडी डावीकडे वळली.